ऊन गावात येतं, घरात पोचत नाही

सुदानमध्ये नाईल नदीच्या काठी डोंगोला नावाचं शहर आहे. नकाशावर त्या शहरावर बोट ठेवा आणि अक्षवृत्ताच्या रेषेवरून सरळ पूर्वेकडे या. तांबडा समुद्र, सौदी अरेबियाचं वाळवंट, ओमान आणि मग अरबी समुद्र ओलांडलात की बोट आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात येऊन टेकतं. डोंगोला आणि बदलापूर दोन्ही एकोणीस अंशांच्या किंचित वर आहेत. वर्षातल्या कुठल्याही दिवशी दुपारी सूर्य तिथे आकाशात जितक्या उंचीवर असतो, तितक्याच उंचीवर इथेही असतो. दिवसही तेवढाच मोठा. तरी डोंगोलाला वर्षाकाठी साडेतीन हजार तासांहून जास्त लख्ख ऊन मिळतं, आणि मुंबईच्या आसपासच्या आपल्या प्रदेशाला सुमारे सव्वीसशे तास. मधले हजारभर तास जातात कुठे?

ढगात जातात. डोंगोलात वर्षभराचा पाऊस वीस मिलिमीटरही भरत नाही. बदलापूरला जुलैतल्या एखाद्या रात्रीत त्याच्या दसपट पडतो.

अंबरनाथच्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं भूगोल शिकवला. जगात सर्वांत जास्त ऊन कुठे पडतं, असं विचारलं की वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, ‘विषुववृत्तावर!’ मोठी माणसंही हेच सांगतात. पण पृथ्वीने दिवसाउजेडाची वाटणी फार चोख केली आहे. विषुववृत्तावर रोज साधारण बारा तासांचा दिवस, ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. वर्षाची बेरीज केली तर दोन्हीकडे जवळपास तेवढीच, चार हजार चारशे तासांच्या आसपास. सूर्य तिरपा असला की उन्हाचा जोर कमी पडतो हे खरं, पण तासांच्या हिशेबात कोणावर फारसा अन्याय नाही. त्यातले किती तास प्रत्यक्ष हाती लागतात, हे मात्र ढग ठरवतात. विषुववृत्तावर हवा तापून वर चढते, तिच्यातली वाफ थंड होऊन रोज दुपारी ढग दाटतात. काँगोच्या आणि अॅमेझॉनच्या जंगलांत म्हणूनच ऊन आपल्या कल्पनेपेक्षा बरंच कमी. वर चढलेली ती हवा उत्तरेला आणि दक्षिणेला सरकून वीस ते तीस अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरताना ती तापते, कोरडी होते, ढग धरू देत नाही. सहारा, अरबस्तान, अमेरिकेचा नैर्ऋत्य कोपरा, चिलीतलं अटाकामा ही सगळी याच उतरत्या हवेखालची वाळवंटं. अमेरिकेतल्या अॅरिझोनातलं युमा हे शहर वर्षाला चार हजार तास ऊन घेतं, म्हणजे शक्य असलेल्या तासांपैकी नव्वद टक्के. पूर्व सहाराचा काही भाग त्याच्याही पुढे जातो. अटाकामाच्या पठारावर तास भरपूर आणि उन्हाचा जोर सर्वाधिक, कारण उंची फार आणि हवा विरळ व स्वच्छ. दुसऱ्या टोकाला उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरचं तोर्शाव्हन. तिथल्या लोकांना अख्ख्या वर्षात साडेआठशे तासांच्या आसपास सूर्य दिसतो.

आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत असं म्हणून विषय संपवता आला असता. पण आपलं वर्ष दोन तुकड्यांचं आहे. जून ते सप्टेंबर ढग, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर सरासरीने दिवसाला दोन-अडीच तास ऊन मिळालं तरी खूप. उरलेले आठ महिने मात्र वाळवंटाच्या जवळ जाणारे आहेत. डिसेंबर ते मे दिवसाला आठ-नऊ तास, काही महिन्यांत त्याहून जास्त. सोलापूर आणि धुळ्याला ऊन आहे म्हणून तिथे सौर प्रकल्प होतात. साक्रीचा प्रकल्प बघायला लोक मुद्दाम जातात. पण ऑक्टोबर ते मे या काळात बदलापूर काही त्यांच्याहून फार मागे नाही. एप्रिल-मेमध्ये मुंबईचा पारा पस्तिशीत असतो तेव्हा आमच्याकडचा चाळिशी ओलांडतो, कारण समुद्रावरचा वारा इथे पोचेपर्यंत दुपार टळून गेलेली असते. उन्हाच्या बाबतीत निसर्गाने या तीन शहरांना गरीब ठेवलेलं नाही.

आमच्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येण्याचे दिवस दोन. पहिला १६ मेच्या आसपास, दुसरा २७ जुलैच्या आसपास. दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांतच उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी गुडूप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. मला वाईट वाटायचं ते असं, की पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी आणि दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च. पुस्तकात शिकवलेली गोष्ट मुलांना शाळेच्या मैदानात कधी दाखवताच येत नाही. मे महिन्यात मुलांना घराच्या गच्चीवर जाऊन बघायला सांगावं, तर कित्येक मुलांच्या इमारतीची गच्ची बंद. त्या बंद गच्चीविषयी पुढे बोलायचंच आहे.

उन्हाची मोजदाद होते हेही अनेकांना माहीत नसतं. कॅम्पबेल नावाच्या माणसाने १८५३ मध्ये काचेचा एक भरीव गोळा वापरून यंत्र केलं, पुढे १८७९ मध्ये स्टोक्सने ते सुधारलं. ऊन पडलं की गोळ्यातून एकवटलेला किरण मागच्या पुठ्ठ्यावर काळी रेघ जाळत जातो. ढग आला की रेघ तुटते. संध्याकाळी रेघेची लांबी मोजायची, तेवढे तास ऊन. वीज नाही, बॅटरी नाही. भारतात सूर्याच्या ऊर्जेचं मोजमाप पद्धतशीर सुरू झालं त्यामागे अॅना मणी या बाईंचं मोठं काम आहे. त्या मूळच्या केरळच्या, पण त्यांनी १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात काम केलं. परदेशातून यंत्रं मागवायच्या काळात त्यांनी ती इथे बनवायला लावली, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी केली आणि त्या आकड्यांचा ग्रंथ काढला. आज देशात कुठेही सौर पॅनेल बसवताना जो अंदाज बांधतात, त्याची पायाभरणी या बाईंनी पुण्यात बसून केली. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

त्यांनी सुरू केलेल्या मोजणीतून आता एक काळजीची गोष्ट समोर आली आहे. बनारस हिंदू विद्यापीठ, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हवामान खातं यांच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या २० केंद्रांच्या १९८८ ते २०१८ मधल्या नोंदी तपासल्या. २०२५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम किनाऱ्यावर उन्हाचे तास दरवर्षी साडेआठ तासांहून अधिक वेगाने घटताना दिसले. तीस वर्षांत अडीचशे तास. कारणं दोन, वाढलेले ढग आणि हवेतले धूर-धुळीचे कण. दुसरं कारण आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. हिवाळ्यात पहाटे अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की एमआयडीसीकडची हवा डोळ्यांनाच दिसते.

पण मला आज जे मांडायचं आहे ते ढगांच्या आणि धुराच्या पुढचं आहे. हवामान खात्याचं यंत्र मोकळ्या मैदानात ठेवलेलं असतं. त्याने सव्वीसशे तास मोजले म्हणजे ते तास माणसाला मिळाले असं होत नाही. यंत्रापर्यंत आलेलं ऊन माझ्या गावातल्या माणसाच्या खिडकीपर्यंत, त्याच्या गादीपर्यंत, त्याच्या तान्ह्या बाळापर्यंत पोचतं का? उल्हासनगरच्या असंख्य घरांत ते पोचत नाही. अंबरनाथमध्ये पोचणं कमी होत चाललं आहे. बदलापुरात आपण ते येत्या काही वर्षांत आपल्याच हातांनी अडवणार आहोत.

माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे कल्याणचा लष्करी तळ होता, लांबच लांब बॅरकी आणि मध्ये मोकळी जागा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने त्या बॅरकींत ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. सगळं मागे टाकून आलेल्या त्या लोकांकडे भांडवल काय होतं? हाताचं कसब आणि बॅरकीसमोरचं ऊन. शेजारच्या सिंधी मावश्या पहाटे पापड लाटायला बसत आणि ऊन वर आलं की खाटा बाहेर ओढून त्यांवर चादरी अंथरत. एका बॅरकीपासून पुढच्या बॅरकीपर्यंत पापडच पापड. कोणता पापड कडक उन्हात ठेवायचा आणि कोणता कोवळ्या उन्हात उलटून लगेच सावलीत घ्यायचा, हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. उल्हासनगरचा पापड देशभर गेला तो त्या मोकळ्या जागेच्या जोरावर.

ती मोकळी जागा राहिली नाही. तेरा चौरस किलोमीटरच्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसं. बॅरकी पाडून इंच इंच वापरत चार-पाच मजले उभे राहिले, आणि इतके बेकायदा उभे राहिले की ते नियमित करायला राज्याला २००६ मध्ये खास कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने उल्हासनगरच्या बांधकामाचा दर्जा पाहिला. त्या इमारतींमधला अंधार मात्र बातमीत आला नाही. आजही तिथल्या गल्ल्यांतून भर दुपारी चालताना तळमजल्यावरच्या घरांत आणि जीन्सच्या कारखान्यांत ट्यूबलाइट जळताना दिसते. ओल कधी सुटत नाही. गादीला ऊन दाखवायला जागा नाही. या ओलसर बंद खोल्यांत खोकला घरात येऊन राहतो, हे त्या भागातले डॉक्टर सांगतात.

आता बदलापूरकडे या. माझं घर तिथे आहे म्हणून मला जास्त लागतं. मांजर्ली, बेलवली, कात्रप, खरवई, जिकडे बघावं तिकडे क्रेन. माणसांना घरं हवीत, मुंबईत ती परवडत नाहीत, म्हणून ती इथे होणार. त्याला माझा विरोध नाही. फक्त एक साधा हिशेब सर्वांनी मिळून करावा. २२ डिसेंबरला दुपारी आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो, दक्षिणेकडे झुकलेला. त्या वेळी एकवीस मीटर उंचीच्या सात मजली इमारतीची सावली उत्तरेला एकोणीस मीटर पडते. सकाळी नऊ वाजता किंवा दुपारी चार वाजता त्याहून कितीतरी लांब. आपल्या बांधकाम नियमावलीत इमारतीच्या बाजूची मोकळी जागा उंचीच्या एक पंचमांशाच्या हिशेबाने धरतात. दोन्ही बिल्डरांनी प्रामाणिकपणे आपापली जागा सोडली तरी मध्ये आठ ते बारा मीटर राहतात. दहा मीटर धरा. सावली एकोणीस मीटरची. म्हणजे उत्तरेकडच्या इमारतीचे खालचे तीन मजले भर दुपारी सावलीत. आणि ही नियम पाळणाऱ्यांची गोष्ट झाली. साठ मीटरच्या टॉवरची सावली दुपारी पंचावन्न मीटर जाते. चंदेरी-मलंगगडाच्या डोंगररांगेमागे सूर्य उतरायच्या किती तरी आधी त्या घरांत संध्याकाळ झालेली असते.

उत्तरेला तोंड करून असलेल्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं ते सूर्य आपल्या उत्तरेला असेल तेव्हाच, म्हणजे १६ मे ते २७ जुलै. त्यातले पहिले तीन-चार आठवडे सोडले तर पुढे पाऊस. अशा घरात राहणाऱ्या माणसाने सुदानच्या अक्षवृत्तावर घर घेतलं आणि नशिबी फॅरो बेटांचा उजेड आला.

‘बाई, एप्रिलमध्ये जीव जातो आमचा, आणि तुम्ही ऊन मागताय?’ असं मला सोसायटीच्या बैठकीत विचारलं गेलं. रास्त प्रश्न आहे, त्याचं उत्तर भूगोलात आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. ते ऊन शेजारची भिंत अडवत नाही. ते सरळ स्लॅबवर पडतं, स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो आणि चिंचोळ्या गल्लीत वारा नसल्यामुळे ती तिथेच कोंडते. हिवाळ्यात सूर्य खाली, दक्षिणेला असतो. ते ऊन खिडकीतून आत येतं, भिंती सुकवतं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना ऊब देतं. आपण इमारती एकमेकींना खेटवतो तेव्हा त्रास देणारं ऊन जसंच्या तसं राहतं आणि उपकार करणारं तेवढं निघून जातं. उन्हाळा सुसह्य करायलाही अंतर हवं आणि हिवाळ्याचं ऊन मिळवायलाही अंतरच हवं.

शिलाहारांच्या काळातल्या माणसांना हे कळत होतं असं मला अंबरनाथच्या शिवमंदिरात उभं राहिलं की वाटतं. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. इतक्या खोल जागेत काळोख असायला हवा. पण वरचं शिखर पूर्ण नाही, तिथून आकाश उघडं आहे आणि उजेड थेट पिंडीपर्यंत खाली येतो. शिखर मुद्दाम तसं ठेवलं की अपुरं राहिलं यावर अभ्यासक बोलतील. मला एवढंच दिसतं की नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या खोल गाभाऱ्यात आज जेवढा उजेड आहे, तेवढा त्याच शहरात परवा ताबा मिळालेल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात नाही.

आता गच्ची. भिंतींनी अडवल्यावर ऊन मिळण्याची एकच हमखास जागा उरते, ती डोक्यावर. सामाईक मालकीची, प्रत्येक सभासदाने पैसे मोजलेली. आणि तिला कुलूप असतं. आमच्या भागातल्या कितीतरी सोसायट्यांत गच्चीची किल्ली सेक्रेटरींच्या घरी, आणि सेक्रेटरी कामाला ठाण्याला नाहीतर दादरला. मार्च-एप्रिलमध्ये वाळवणाचे दिवस येतात. गव्हाचा चीक काढून केलेल्या कुरडयांना दोन-तीन दिवसांचं कडकडीत ऊन लागतं. साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, सांडगे, ताकातल्या मिरच्या, सगळ्यांना तेच हवं. इथल्या आगरी घरांत पावसाळ्याआधी सुके बोंबील, जवळा यांना ऊन दाखवून डबे भरतात. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाच्या बायका याच कामावर मुलांची फी भरतात. त्यांना सोसायटीने सांगितलं, गच्चीवर वाळवण घालायचं नाही, इमारतीची शोभा जाते. शेवटी त्या रेल्वेच्या कडेच्या धुळीत, भाड्याच्या जागेत वाळवण घालतात. हा निर्णय मला निर्दय वाटतो, आणि तो घेणाऱ्यांच्याही घरी उन्हाळ्यात कुरडया लागतातच.

कुलूप लावणाऱ्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पोरं कठड्यावर चढतात, रात्री कोणी पार्टी करतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग उखडतं. कठडा उंच करा, वेळ ठरवा, नोंदवही ठेवा. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दार उघडं ठेवायला काय हरकत आहे? आग लागली तर वरच्या मजल्यावरच्यांना कधी कधी सुटकेचा तोच एक मार्ग उरतो, हे कुलूप लावताना कोणाच्या मनात येत नाही का?

गळतीवर उपाय म्हणून आणखी एक चाल पडली आहे, अख्ख्या गच्चीवर पत्र्याची शेड. बदलापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो या शेडला नावं ठेवणार नाही. वरच्या मजल्यावरच्यांच्या घरात पावसाळाभर बादल्या लागलेल्या असतात. पण शेड घातलीच आहे, तर तिच्या वरचं ऊन तरी वाया घालवू नये. एक किलोवॉटच्या सौर पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात उत्पादन घसरतं, पण नेट मीटर असल्यामुळे एप्रिल-मेची जास्तीची वीज हिशेबात जमा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरासाठी तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. पत्र्याच्या वर पॅनेल बसलं की पत्राही कमी तापतो. जुन्या इमारतीचं आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं, उल्हासनगरमध्ये तर त्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. आणि पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर येऊ द्यायची नाही. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या साऱ्या ओळीचं उत्पादन खाली येतं.

इथेच पुन्हा भिंतीचा प्रश्न उभा राहतो. आज कर्ज काढून बसवलेल्या पॅनेलच्या दक्षिणेला उद्या टॉवर उभा राहिला तर? सरकार एका हाताने अनुदान देतं आणि दुसऱ्या हाताने त्याच पॅनेलवर सावली पाडणारा नकाशा मंजूर करतं. पंचवीस वर्षं चालणाऱ्या वस्तूला पाच वर्षांचंही ऊन खात्रीने मिळणार नसेल, तर मध्यमवर्गीय माणूस त्यात पैसे का घालेल?

सकाळी साडेपाच-सहाची गाडी पकडून जाणारा आणि रात्री नऊला परतणारा आमचा माणूस आठवडाभर स्वतःच्या घरातलं ऊन बघतच नाही. ते बघतात घरात राहणारे: आजी-आजोबा, बाळंतीण, लहान मुलं. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व शरीर उन्हात स्वतः तयार करतं, पण काचेआडच्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. अंगावर थेट ऊन यावं लागतं. बाल्कनी ग्रिल आणि काच लावून बंद केलेली, गच्चीला कुलूप, खाली अंगणात गाड्या. एवढ्या सूर्याच्या देशात डॉक्टर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात, त्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

म्हणून उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिन्हींकडे माझी मागणी आहे. इमारतीचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा त्याच्यासोबत २२ डिसेंबरच्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजताच्या सावलीचा नकाशा मागा. वास्तुविशारदाच्या संगणकावर तो काही मिनिटांत तयार होतो. ती सावली शेजारच्या कोणाच्या खिडकीवर आणि कोणाच्या पॅनेलवर पडणार आहे, हे मंजुरीआधी त्या शेजाऱ्याला कळू द्या. नियमावली राज्याची आहे, बदल तिथून व्हावा लागेल हे मला माहीत आहे. पण मागणी करणारा ठराव करायला नगरपरिषदेला कोणी अडवलेलं नाही. उल्हासनगरमध्ये धोकादायक इमारतींच्या जागी नव्या बांधल्या जाणार आहेत. शंभर वर्षांत एकदाच मिळावी अशी ही संधी आहे. बॅरकींच्या मधली मोकळी जागा एकदा गमावली, ती पुनर्बांधणीत थोडी तरी परत मिळवा. आणि तिन्ही शहरांत मिळून एखाद्या शाळेच्या गच्चीवर ऊन मोजणारं एक यंत्र बसवा. मुलं रोज नोंद करतील, आणि आपल्या शहराला किती ऊन मिळतं हे सांगायला आपल्याला कुलाब्याच्या वेधशाळेच्या आकड्यावर विसंबावं लागणार नाही.

बाकीचं तुमच्या हातात आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गच्चीचं दार दिवसा उघडं ठेवण्याचा, वाळवणाला जागा देण्याचा आणि सामाईक विजेसाठी सौर पॅनेल बसवण्याचा विषय त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत यावा, असा लेखी अर्ज सेक्रेटरींना आत्ताच द्या आणि पोच घ्या.